कुणाच्या हातचं

जॉर्जियन भाषेत ‘चाचा’ म्हणजे काका नव्हे. तिबिलिसीत डॉक्टर व्हायला गेलेली आपल्याकडची मुलं पहिल्या वर्षी या शब्दावर पोटभर हसून घेतात, मग सवय होते. उच्चारही थोडा निराळा आहे. चमच्यातला च नव्हे, चहातला; पण घसा क्षणभर मिटायचा आणि अडवलेला श्वास एकदम सोडायचा. माझी भाची तिथे चौथ्या वर्षाला आहे. तिला हे जमतं. मला शेवटपर्यंत जमलं नाही.

मूळ अर्थ चोथा. द्राक्षं तुडवून रस निघाला की खाली उरतात त्या साली, बिया, थोडे देठ, हा चाचा. आणि तो आंबवून तांब्याच्या भट्टीतून काढलेली दारूही चाचाच. आपण ‘मोहाची’ म्हणतो, तशी ही ‘चोथ्याची’. घरी काढलेली पन्नास-साठ टक्क्यांपर्यंत जाते, दुकानातली चाळिसाच्या पुढेमागे. पाहुणा आला की ती निघते, थंडीत सर्दी झालेल्या पोराच्या छातीला ती चोळतात. बातुमी या समुद्रकाठच्या शहरात २०१२ साली तर एक मनोराच उभारला गेला, त्याच्या कारंज्यातून ठरावीक वेळी पाण्याऐवजी चाचा यावी अशी योजना होती. हे मी अहमदाबादेत बसून वाचलं. जे राज्य १९६० साली जन्मल्यापासून दारूबंदीत आहे, तिथे असं काही वाचताना आधी आजूबाजूला पाहून घ्यावंसं वाटतं.

तिबिलिसीच्या जुन्या भागात, कोते अबखाझी रस्त्यावर, लाल विटांचं मोठं सिनेगॉग आहे. अखालत्सिखेहून आलेल्या ज्यू कुटुंबांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलं. त्याच्या जवळच्याच एका दुकानात मला कोशेर चाचाची बाटली दिसली. लेबलवर हिब्रू शिक्का, आठ हजार वर्षांच्या परंपरेचा उल्लेख, आणि द्राक्षाचा घोस. आठ हजारांचा आकडा खरा आहे, पण तो वाइनचा. तिबिलिसीच्या दक्षिणेला गादाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा इथे सापडलेल्या मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांवर द्राक्षाच्या वाइनचे अंश मिळाले. ते ख्रिस्तपूर्व ६००० च्या सुमाराचे आहेत असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे. भट्टी लावून दारू काढणं ही त्या मानाने फारच अलीकडची विद्या. दुकानदार मंडळी जगभर मोठा आकडाच वापरतात.

भाची म्हणाली, “आत्या, दारूत कसलं आलंय कोशेर? डुक्कर थोडंच घालतात त्यात!”

प्रश्न बरोबर होता. धान्याच्या दारूला, व्हिस्कीला वगैरे, धर्मनियमांचा फारसा अडसर नसतो. सणाच्या दिवसांत मात्र असतो: पेसाहच्या आठवड्यात आंबलेलं धान्य घरातही ठेवायचं नाही, म्हणून तेव्हा व्हिस्की, बिअर, गव्हाची व्होडका सगळं बाद. त्या दिवसांत चाचासारखी द्राक्षाची दारूच कामाला येते. पण द्राक्षाचं दुखणं वेगळं आहे. मांसाच्या बाबतीत कोणता प्राणी, कसा कापला, हे बघतात. द्राक्षाच्या बाबतीत बघतात तो हात. द्राक्ष जोवर द्राक्ष आहे तोवर कुणीही तोडावं, कुणीही वाहून न्यावं. ते फुटून रस सुटा व्हायला लागला, की तिथून बाटलीला बूच बसेपर्यंत धर्म पाळणाऱ्या ज्यू माणसाखेरीज कुणाचा हात लागता कामा नये. एकदा उकळलेल्या वाइनला यातून सूट आहे. बाकी जे जे द्राक्षाच्या रसापासून होतं, ब्रँडी असो की चाचा, त्याला हाच नियम.

कारणं दोन सांगतात. जुन्या काळी वाइन मूर्तींपुढे ओतली जाई, तेव्हा परक्याने हाताळलेली वाइन कुठल्यातरी देवाला वाहिलेली असू शकते, हे पहिलं. दुसरं तालमूदमध्ये अगदी सरळ दिलेलं आहे: एकत्र पिणं झालं की एकमेकांच्या मुलींशी लग्नं होतात. आणि चोथ्याचा विषयसुद्धा जुनाच आहे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये ‘अवोदा झारा’ नावाचं प्रकरण आहे. परक्यांच्या घरच्या द्राक्षाच्या साली आणि बिया चालतात का, यावर त्यात वाद आहे. रब्बी मेईर म्हणतात, कधीच नाही. बाकीचे म्हणतात, ओल्या असतील तर नाही, सुकल्या असतील तर हरकत नाही. अठराशे वर्षांपूर्वी माणसं ओल्या चोथ्यावर भांडत होती, हे वाचून मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली.

पण ‘हात’ या शब्दापाशी मी अडले. मराठी माणूस अडणारच. ‘त्यांच्या हातचं पाणी आपल्याला चालत नाही’ हे वाक्य कानावर न पडता मोठी झालेली माझ्या पिढीतली किती माणसं असतील? आमचं घराणं गायकवाडांच्या चाकरीत गुजरातेत आलं, सोवळं बरोबर घेऊन. संडास साफ करायला येणारी बाई उन्हाची पाणी मागायची. आजी तांब्या घेऊन ओट्यावर यायची आणि ती बाई खाली उभी राहून ओंजळ धरायची. आजी वरून ओतायची. तांब्या आणि ओंजळ यांत हातभर अंतर. पाणी तिच्या कोपरावरून ओघळून मातीत जायचं. का, असं विचारलं तर आजी म्हणायची, “पद्धत आहे.”

आमच्या समोरच्या घरात एक बेने इस्राएली मावशी राहायच्या, मूळच्या अलिबागकडच्या. ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, त्यांतल्या. शुक्रवारी दुपारी त्या काळ्या मनुका भिजत घालायच्या, मग उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळायच्या. संध्याकाळी कोशेर वाइनच्या जागी ते शरबत. दारूबंदीच्या राज्यात ते सोयीचंही होतं, पण पद्धत कोकणापासूनची. खमासाजवळच्या मागेन अब्राहममध्ये, १९३४ साली बांधलेल्या त्या सिनेगॉगमध्ये, त्या सणावारी जायच्या. आजी त्यांच्या घरी पाणी घेत नसे, आणि त्या आमच्याकडचं तळलेलं काही खात नसत. दोघींचं फार छान जमायचं. पुढे मावशींचं बिऱ्हाड इस्राएलला, अश्दोदला गेलं.

तर बाटली मी घेतली नाही, अहमदाबादच्या विमानतळावर ती कशाला? पण ती बनते कुठे ते पाहावंसं वाटलं. भाचीच्या घरमालकिणीचा भाऊ काखेतीत, तेलावीजवळच्या एका गावात द्राक्षं पिकवतो. तो आपल्या भट्टीतला काही माल एका व्यापाऱ्यासाठी कोशेर पद्धतीने काढू देतो, असं निघालं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गोंबोरी घाट ओलांडून गेलो. घाट उतरताना अलाझानीचं खोरं आणि त्यापलीकडे कॉकेशसची बर्फाची भिंत एकदम समोर येते. वेलींची पानं तोवर पिवळी-तांबडी होऊन गळायला लागलेली.

त्याच्या तळघरात जमिनीत पुरलेले रांजण आहेत, त्यांना क्वेव्री म्हणतात. काखेतीत रस, साली, बिया असं सगळंच त्यात घालून पाच-सहा महिने मुरवतात; या पद्धतीला युनेस्कोने २०१३ साली वारशाच्या यादीत घेतलं. कोशेर मालासाठी मात्र वेगळी पिंपं होती. सप्टेंबरात, सुगीच्या वेळी, अश्दोदहून आलेल्या दोघा-तिघांनी द्राक्षं दाबली होती, रस बाजूला केला होता आणि चोथा पिंपांत भरून आंबायला ठेवला होता. प्रत्येक पिंपाला दोन सिलं. नियमच आहे तसा: परक्याच्या घरात ठेवायचं तर एकावर एक दोन मोहरा हव्यात. म्हणजे दीड महिना हा माणूस आपल्याच तळघरात आपल्याच बागेच्या द्राक्षांना हात लावू शकत नव्हता.

भट्टी त्याच्या वडिलांची, तांब्याची, फुगीर पोटाची. तिच्यातून आधी उकळतं पाणी चालवून ती ‘नवी’ करून घेतली होती. झाकणाचा सांधा तो एरवी कणकेने बुजवतो. इथे मातीने बुजवला होता, कारण पेसाहला चालणाऱ्या मालाजवळ गव्हाचं पीठ येऊ द्यायचं नाही. खाली लाकडाचा जाळ. देखरेख करणारा माशगियाख पन्नाशीचा, बारीक चणीचा, डोक्याला कापडी टोपी. सिलं त्याने तोडली, चोथा त्याने भरला, जाळ त्याने लावला. बागेचा मालक दोन पावलं मागे, पाठीमागे हातात हात गुंतवून उभा. भट्टीला केव्हा किती आच लागते ते त्याला लहानपणापासून माहीत. तो नुसतं हनुवटीने दाखवायचा आणि दुसरा लाकूड बाहेर ओढायचा. दोघं जॉर्जियनमध्ये अखंड बोलत होते, बहुतेक फुटबॉलबद्दल.

नळीतून पहिले थेंब पडायला लागले. माशगियाखने ते एका डब्यात धरले आणि अंगणात नेऊन ओतून टाकले. मी भाचीकडे बघितलं. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे अस्सल, कुणालाही विचारा. इथे पहिली धार विषारी म्हणून टाकतात. तिच्यात मिथेनॉल आणि असलंच बाकीचं, लवकर उडणारं, जास्त असतं. भाची म्हणाली, “आत्या, बरोबरच आहे ते. फार्माकॉलॉजीत आहे आम्हाला.” मधली धार ठेवायची, शेवटची पुन्हा भट्टीत. मग सगळं आणखी एकदा काढायचं. तळघरभर द्राक्षाच्या बियांचा, भाजल्यासारखा वास.

मी मालकाला विचारलं, भाचीमार्फत, की याचा राग नाही येत का.

“येतो,” तो म्हणाला. “माझ्या बापाची भट्टी आहे. मग पैसे येतात तेव्हा जातो.” थोडं थांबून तो पुढे म्हणाला, की त्याचं आजोळ सुरामीचं, शेजारी ज्यू घरं होती. आजी शरद ऋतूत त्यांच्याकडे टोपल्या पाठवायची, द्राक्षं अख्खी, एकही फुटलेलं नको म्हणून निवडून. ती घरं मग आपल्या आवारात तुडवायची. आजीला त्यात काही विशेष वाटत नसे. “पाहुण्याला मिरची चालत नसेल तर आपण घालत नाही, तसंच.”

जॉर्जियात हे नातं अभिमानाने सांगतात. ज्यू इथे २६ शतकं आहेत आणि कधी द्वेष झाला नाही, असं ऐकवतात. १९९८ साली त्याचा मोठा उत्सवही झाला. ते बरंचसं खरं आहे, पण पूर्ण नाही. १८७९ साली कुताइसीत नऊ ज्यूंवर एका ख्रिस्ती मुलीच्या मृत्यूवरून खटला चालला, तोच जुना रक्ताचा आरोप. ते निर्दोष सुटले, पण खटला चालला. आणि त्याआधी शतकानुशतकं इथले बरेच ज्यू वेठीचे होते, राजाचे, सरदारांचे, चर्चचे. १८६४ नंतर ती वेठ मोडत गेली. हे मला महत्त्वाचं वाटतं. धन्याने पुढे केलेला पेला ‘मला चालत नाही’ म्हणून नाकारणारा वेठीचा माणूस मी डोळ्यांपुढे आणून पाहते, तेव्हा आजीच्या तांब्याचं चित्र त्यावर बसत नाही. सोव्हिएत काळात धर्म घरात लपवावा लागला तेव्हाही या लोकांनी तो बराच टिकवला. ज्या देशात घरोघर वाइन होते तिथे कोशेर वाइनही चार भिंतींआड करता येते. हा चोथा त्यातलाच. १९६९ च्या ऑगस्टमध्ये जॉर्जियातल्या १८ ज्यू कुटुंबांनी संयुक्त राष्ट्रांना पत्र लिहिलं, आम्हाला इस्राएलला जाऊ द्या म्हणून. नोव्हेंबरात गोल्डा मेयर यांनी ते क्नेसेटमध्ये वाचून दाखवलं. मग दारं किलकिली झाली आणि माणसं निघाली. आज मागे थोडीच उरली आहेत.

हा माशगियाख त्याच लाटेतला. कुताइसीत जन्म, सहा वर्षांचा असताना आईबापांबरोबर अश्दोदला. माझी मावशी तिथे होती असं सांगितल्यावर तो खुलला. “हो, भारतातले आहेत की आमच्याकडे. लग्नाआधी हाताला मेंदी लावतात ते.”

मी त्यालाही विचारलं. आमच्याकडे असा हाताचा नियम होता, तो माणसांवर फार क्रूर होता, म्हणून विचारते. याच्या हाताला काय झालंय?

त्याने आधी मालकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. म्हणाला, “काही नाही. त्याचा हात माझ्यापेक्षा स्वच्छ असेल. माझ्या सख्ख्या भावाचाही हात मी इथे लागू देत नाही. तो शनिवारी गाडी चालवतो.” काही रब्बी इतकं ताणत नाहीत, हेही त्याने जोडलं.

हे उत्तर माझ्या मनात पुष्कळ दिवस राहिलं. नियम जन्माला चिकटलेला नाही. बाहेरचा माणूस धर्म स्वीकारून आत येऊ शकतो आणि आतला शनिवार मोडून बाहेर जातो. आमच्या ओट्याला तशी पायरीच नव्हती. शिवाय हा नियम पाळणाऱ्यालाच महाग पडतो: उपाशी राहतो तो, दुप्पट पैसे देतो तो, विमानाने माणसं आणतो तो. बाटली त्याची स्वतःची आहे. महाडचं चवदार तळं सगळ्यांचं होतं; तिथे गुरं पीत होती आणि माणसांना बंदी होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी ते पाणी हातात घेतलं ते कुणाच्या घरचा पेला मागायला नव्हे. ही दोन्ही एकच, असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालीन.

पण वाद जिंकून झाल्यावरही पाठीमागे हात गुंतवून उभा असलेला तो माणूस डोळ्यांसमोरून हलत नाही. ज्याचा हात चालत नाही त्याला कारण नीट समजावून सांगितलं म्हणून हाताला जे वाटतं ते बदलत नसावं. आणि माझी मावशी शरबत उकळायची. उकळलेल्याला कुणाचाही हात चालतो. आम्ही शेजारची पोरं तिच्या ओट्यावर तो पेला दोन्ही हातांनी धरून प्यायचो, त्याला कधी बाट लागली नाही. तिला हा नियम माहीत होता, की कोकणातल्या बायका मनुका उकळत आल्या म्हणून तीही उकळत होती, ते सांगायला ती आता नाही.

रात्री मालकाच्या घरी जेवण. अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, पालकाचे गोळे, ताजी भाकरीसारखी शोती, चीज. माशगियाखपुढे अख्खी फळं, टोमॅटो, काकड्या, त्याची स्वतःची सुरी आणि बरोबर आणलेला डबा. जॉर्जियन जेवणात एक तमादा असतो, तो एकामागून एक टोस्ट सांगतो, आणि एक मेरिकिपे, म्हणजे ओतणारा. या घरात माशगियाख असला की तोच मेरिकिपे. इतकी साधी तोड काढली होती. बाटली त्याच्या हातून हलत नाही आणि कुणाला नाही म्हणायचं राहत नाही. तो सगळ्यांना ओततो, त्याला कुणी ओतत नाही.

तमादाने आमची चौकशी केली, आमच्याकडे काय पितात म्हणून. दारूबंदीला भाचीला जॉर्जियन शब्द सापडेना. तिने उलगडून सांगितलं तेव्हा टेबलावर शांतता पसरली, आणि मग त्याने आमच्या राज्यासाठी एक टोस्ट सांगितला, गेलेल्यांसाठी सांगतात त्या सुरात.

शेवटी गेल्या वर्षीची कोशेर चाचा निघाली. माशगियाख आधी पुटपुटला. वाइनवर म्हणतात ती द्राक्षवेलीची प्रार्थना चाचाला लागत नाही. पाण्यावर, दुधावर म्हणतात तीच सर्वसाधारण इथे चालते, असं त्याने भाचीला सांगितलं होतं. बनवताना सगळे द्राक्षाचे नियम, पिताना मात्र पाण्याची प्रार्थना. मग तो ओतत निघाला. मालकाच्या पेल्यात त्याच्या घरच्या चाचाचा घोट उरला होता. धार त्यात पडली तर वरच्या बाटलीपर्यंत बाध येतो असं मानणारे आहेत. मालकाने, कुणी काही म्हणायच्या आधी, तो घोट पिऊन टाकला, जगमधलं पाणी घेऊन पेला खळबळून विसळला, ते पाणी खिडकीतून बाहेर फेकलं, आणि पेला उपडा करून दाखवला. मग तो सुलटा करून पुढे धरला. माशगियाखने काठोकाठ भरला. दोघांनी पेले उचलले, एकाने “गाउमार्जोस” म्हटलं, एकाने “लेखाइम”, आणि बाटली परत टेबलाच्या त्याच्या बाजूला, टोमॅटोंच्या पलीकडे गेली.